सदर मावशी

‘अविशेष’ हा शब्द मी घडवलेला नाही. मात्र आमच्या दृश्य-अभिलेखागाराच्या सूचीत तो रूढ करण्याचे श्रेय, त्याला श्रेय म्हणायचे असेल तर, माझ्याकडे जाते. ज्या छायाचित्रात कोणी नामवंत नाही, कोणती जुनी इमारत नाही, कोणताही प्रसंग नाही, त्याच्या नोंदीपुढे ‘अविशेष’ लिहायचे आणि पेटी बंद करायची. २०२९ साली मी हा शब्द ‘नवलवन’ नावाच्या बंद पडलेल्या मनोरंजन उद्यानाच्या एकसष्ट हजार निगेटिव्हपुढे लिहिला.

उद्यानाचे छायाचित्रकार दिवसभर आवारात फिरत, दिसेल त्या कुटुंबाला उभे करीत आणि संध्याकाळी फाटकापाशी छापलेल्या प्रती मांडून ठेवीत. लोकांनी प्रती नेल्या, न्यायच्या राहिल्या त्या टाकून दिल्या गेल्या. निगेटिव्ह पत्र्याच्या ट्रंकांत उरल्या. प्लास्टरच्या डायनासोरच्या शेपटीवर ओळीने बसलेली मुले. भाड्याच्या निळ्या पोहण्याच्या पोशाखात अवघडून उभ्या असलेल्या, हात नेमके कुठे ठेवावेत हे न कळणाऱ्या बायका. डोळे मिटलेले वडील. पन्नास वर्षे लोटली की असल्या चित्रांना आपोआप गोडवा येतो, आणि लोक त्याला इतिहास म्हणू लागतात. माझा या गोडव्यावर विश्वास नव्हता. मी पोथ्यांच्या पाठचिकित्सेत आयुष्य घालवले आहे. एखादी गोष्ट जुनी आहे एवढ्यावरून ती खरी ठरत नाही, हे मला पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी नव्याने सांगावे लागे.

त्या निगेटिव्हपैकी दोन हजार तीनशे सतरा रविवार, १६ मे १९९३ या एका दिवसाच्या होत्या. त्या दुपारी नवलवनातील लाटांच्या तलावात माझा चार वर्षांचा भाऊ निषाद बुडाला. मी सहा वर्षांची होते आणि त्याच तलावात, त्याच्यापासून दोन हातांवर उभी होते. त्यामुळे त्या दिवसाची एकूणएक चौकट मी स्वतः भिंग लावून पाहिली. तो कुठेही नव्हता. आम्ही कोणीच कुठे नव्हतो. मग मी लिहिले: अविशेष.

सुगंधा वाघ यांचा अर्ज बारा वर्षांनी, २०४१च्या मार्चमध्ये आला. अर्जदार वय बासष्ट, राहणार कोंढाळ्याची कातकरवाडी. त्यांची आई सोमी हिलम १९९३ साली नवलवनात कामाला होती. आईबाप कपडे बदलायला जात तेव्हा त्यांची मुले उथळ पाण्यात सांभाळायची, हे तिचे काम. अशा अकरा बायका तिथे होत्या. सगळ्यांना हिरवी साडी आणि छातीवर बिल्ला, बिल्ल्यावर नाव नव्हे, तर ‘मावशी’ आणि खाली क्रमांक. निषादच्या मृत्यूबद्दल निष्काळजीपणाचा गुन्हा सोमी हिलमवर शाबीत झाला. शिक्षा अठरा महिने. परत आल्यावर वाडीतल्याच बायकांनी तिचे नाव ‘पोरबुडवी’ ठेवले आणि ती समोरून आली की लेकरे पदराआड घेऊ लागल्या. २०१९ मध्ये ती वारली. मुलीचे म्हणणे असे की आईने मरेपर्यंत एकच वाक्य सांगितले: ते पोर माझ्या हाती कोणी दिलेच नव्हते. त्या दिवसाच्या निगेटिव्ह नव्या यंत्राने तपासून खटल्याची फेरचौकशी व्हावी, एवढीच तिची मागणी होती.

अर्जाची नोटीस मला दोन नात्यांनी आली: संग्रहाची प्रमुख म्हणून आणि मृताची बहीण म्हणून. मी दोन्ही नात्यांनी तत्काळ होकार दिला. माझ्या तत्परतेचे लोकांनी कौतुक केले, म्हणून तिचे कारण इथे सांगून टाकते. मला कसलीही शंका नव्हती. त्या खटल्यातील पहिला पुरावा मी होते. सहा वर्षांच्या ऋता टिपणीसने पोलिसांना सांगितले होते, “मावशीने हात सोडला.” शिवाय मला आठवत होती ती हिरवी साडी: पाण्यात फुगलेली, फार जवळ आलेली. अठ्ठेचाळीस वर्षे मी त्या साडीचा शांतपणे, अभ्यासपूर्वक द्वेष केला होता. सोमी हिलमला निर्दोष ठरवण्यासाठी नव्हे, तिला प्रत्यक्ष पाहण्यासाठी मी त्या पेट्या उघडून दिल्या.

आता यंत्राविषयी. त्याचे अधिकृत नाव लांबलचक आहे. प्रयोगशाळेत त्याला ‘उलगडा’ म्हणतात.

प्रकाश एखाद्या वस्तूवर पडून तिथेच संपत नाही. तो तिच्यावरून उसळून भिंतीवर जातो, भिंतीवरून ओल्या फरशीवर, फरशीवरून कोणाच्या तरी चष्म्याच्या काचेवर. पिवळ्या कपड्यांतला माणूस पांढऱ्या भिंतीजवळून गेला की भिंत क्षणभर किंचित पिवळी होते. डोळ्याला ते कळत नाही. फिल्मवरच्या चांदीच्या कणांना कळते. म्हणजे कोणत्याही छायाचित्रात, ज्याचा फोटो काढला त्याच्यापलीकडे, चौकटीबाहेरचे जगही पुसटसे उतरलेले असते. पण ते इतके पुसट असते की फिल्मच्या रवाळपणात बुडून जाते. एका छायाचित्रातून ते काढणे अशक्य. मात्र त्याच जागेची, त्याच वेळेची शेकडो छायाचित्रे असली तर चित्र पालटते. माझ्या विद्यार्थ्यांना मी जे सांगत असे तेच इथे लागू पडते. एकच पोथी असेल तर नकलाकाराची चूक कोणती आणि कवीचा शब्द कोणता, हे ठरवता येत नाही. तीस पोथ्या असल्या तर चुका प्रत्येकीत निराळ्या पडतात आणि मूळ शब्द सगळ्यांत तोच राहतो. उलगडा पोथ्यांऐवजी प्रकाश ताडून पाहतो.

वेळेची अडचण नवलवनाने स्वतःच सोडवून ठेवली होती. तलावात लाटा सोडणारे यंत्र भोंगा वाजला की दर सहा सेकंदांनी एक लाट ढकलत असे. लाट कितवी हे निगेटिव्हच्या क्रमावरून धरून, मागे पाणी दिसणाऱ्या कोणत्याही चौकटीत ती भिंतीपासून किती पुढे आली आहे हे मोजले की ती चौकट कोणत्या क्षणाची, हे सेकंदाच्या दशांशापर्यंत कळते. हसऱ्या कुटुंबांनी पाठ फिरवलेली ती लाट हेच घड्याळ होते.

आणि शेवटची गोष्ट, कायद्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची: उलगडा काहीही कल्पून भरत नाही. खोट्या चित्रांच्या पुरात दहा वर्षे गटांगळ्या खाल्ल्यानंतर आपल्याला एवढी अक्कल आली. जिथे पुरावा नाही तिथे पडद्यावर काळा ठिपका राहतो. म्हणूनच २०३८ च्या उत्तरसाक्ष अधिनियमाने त्याला साक्षीदाराचा दर्जा दिला, आणि जुन्या खटल्यांत शपथेवर खोटे सांगितल्याचे उघड झाले, तर साक्ष देणाऱ्याचे वय कितीही असो, त्याच्यावर कारवाई करण्याची तरतूदही केली. मी त्या अधिनियमाच्या सल्लागार समितीत होते. वयाची सूट नको, असा आग्रह माझाच होता.

यंत्र चालवणारी फरीदा मुकादम श्रीवर्धनची. वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आणि बोलण्यात तेवढीच मोठी. एका अनुस्वाराचा निकाल लावायला मी दोन वर्षे घेते, हा तिचा आवडता विनोद. एका सोमवारी सकाळी अकराला तिने मला पडद्यासमोर बसवले तेव्हा मात्र ती विनोदाच्या मनःस्थितीत नव्हती. ती म्हणाली, तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल, ऋताताई, मी सांगेन तुम्हाला. मी म्हटले, मूळ सोडून भाषांतर वाचायची मला सवय नाही.

पडद्यावर प्रथम पाणी आले, राखाडी आणि दाणेदार. मग काठ, कठडा, पांढरी भिंत. माणसे ठिपक्यांच्या ढगांसारखी होती. चेहरे बहुतेक कोरे, कपड्यांचे रंग मात्र स्पष्ट. प्रत्येकाच्या डोक्यावर क्रमांक. भोंगा वाजून सात सेकंद झाले होते.

उथळ भागात स्त्री-१४. अंगात पिवळा पंजाबी ड्रेस, दोन्ही बाजूंना दोन मुले, दोघांचे हात तिच्या हातांत. डावीकडे बालक-९. उजवीकडे बालिका-६, आणि बालिका-६ च्या डाव्या डोळ्यावर पांढरा चौकोन. त्या उन्हाळ्यात माझ्या आळशी डोळ्यावर उपचार चालू होते आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधलेली असे. ती पट्टी भिंतीइतकीच पांढरी असल्याने यंत्राला ती सर्वांत ठळक मिळाली होती. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीची मी पडद्यावर उभी होते, आणि माझा हात हिरव्या साडीतल्या कोणाच्याही हातात नव्हता.

फरीदाने काळ पुढे सरकवला. तिसरी लाट आली. बालिका-६ चे पाय उचलले गेले. स्त्री-१४ वळली आणि तिचे दोन्ही हात मुलीच्या दंडांवर आले. दोन्ही. एक पूर्णांक चार सेकंद बालक-९ एकटा उभा असलेला दिसतो. नंतर त्या जागी पाणी आहे.

“हिरवी साडी कुठे आहे?” मी विचारले. माझा आवाज, फरीदाने नंतर सांगितले, तोंडी परीक्षा घेतानासारखा होता.

तिने बोट ठेवले. स्त्री-३, त्या ठिकाणापासून अकरा मीटरवर, दुसऱ्याच कोणाच्या तरी मुलाच्या नाकातले पाणी पुसत होती. तिची मान सर्वांआधी वर झाली. काठावरच्या चाळीस-पन्नास माणसांपैकी एकही अजून हललेला नसताना ती निघाली होती. कमरेइतक्या पाण्यात, साडीसकट, अकरा मीटर, नऊ सेकंदांत. माझ्या आठवणीतली पाण्यात फुगलेली साडी खरी होती. ती जवळ येत होती हेही खरे होते. आठवणीचा प्रत्येक शब्द बरोबर होता आणि अर्थ पूर्णपणे उलटा लावलेला होता.

मग फरीदाने कठड्यावरची एक आकृती दाखवली. स्त्री-२२, राखी साडी, हातात दोन टॉवेल. “ही बाई भोंग्याच्याही आधीपासून इथेच उभी आहे. पूर्ण वेळ तोंड या तिघांकडे.”

आईने न्यायालयात सांगितले होते की ती कपडे बदलायच्या खोलीबाहेर रांगेत होती आणि तिने काहीच पाहिले नाही.

मी उठले, खिडकी उघडली, पुन्हा बसले. फरीदाने विचारले, यांतल्या कोणाला ओळखता का. तिने हे का विचारले ते मला ठाऊक होते. यंत्र चेहरे देऊ शकत नव्हते. बालक-९ म्हणजेच निषाद, हे कोणी जिवंत माणसाने शपथेवर सांगितल्याखेरीज हा पुरावा ‘ओळख अनिश्चित’ या सदरात जाणार होता आणि सुगंधा वाघ यांचा अर्ज फेटाळला जाणार होता.

“यंत्र माणसं दाखवतं, ताई,” फरीदा म्हणाली. “नावं ठेवत नाही. ते आपल्याकडे.”

मी तिला म्हटले, पाहावे लागेल. त्या प्रयोगशाळेत मी बोललेले ते पहिले खोटे वाक्य.

घरी येऊन मी खटल्याची नक्कल उघडली. ती मी पूर्वीही वाचली होती, पण मुलगी म्हणून. या वेळी संपादक म्हणून वाचली. माझा जबाब दोन वाक्यांचा होता. पहिले: ‘मावशीने हात सोडला.’ दुसरे: ‘सदर मावशी म्हणजे उद्यानाची कर्मचारी, बिल्ला क्र. ३.’

सहा वर्षांचे मूल ‘सदर’ म्हणत नाही. हा शब्द पाहताच कोणत्याही होतकरू संपादकाने थांबायला हवे होते. पोथ्यांत असे पदोपदी घडते: कोणीतरी समासात अर्थाची टीप लिहितो, पुढचा नकलाकार ती टीप मूळ मजकुरात ओढून घेतो आणि चार पिढ्यांनी ती कवीची ओळ म्हणून पाठ केली जाते. अशा घुसलेल्या टिपा शोधून काढण्याबद्दल मला दोन पुरस्कार मिळाले आहेत. माझ्या आयुष्याच्या पहिल्या नोंदवलेल्या वाक्याला चिकटलेली टीप मला अठ्ठेचाळीस वर्षे दिसली नाही. मराठीत मुलांची राखण करणाऱ्या परक्या बाईलाही मावशी म्हणतात, आणि आईच्या बहिणीलाही. मला एकच मावशी होती. मी तिला नाव लावून कधी हाक मारीत नसे.

शैलजा गुप्ते, माझी मावशी, आता एकोणऐंशी वर्षांची आहे. आई गेली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. वडील मस्कतला, वर्षातून एकदा येणारे पाहुणे. मला वाढवले ते मावशीने. तिने लग्न केले नाही. माझ्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेला ती विद्यापीठाच्या जिन्यात डबा घेऊन तीन तास बसली होती आणि बाहेर येताच तिने परीक्षकांनी काय विचारले ते नव्हे, तर मी काही खाल्ले का, एवढेच विचारले होते. हे लिहिताना मला सोपे जात नाही. रागाला एकसंध माणूस लागतो.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्याला तिच्याकडे गेले. ती डायनिंग टेबलाशी मोड आलेले वाल सोलत बसली होती, बिरड्यासाठी. मी समोर बसले आणि सवयीने मीही सोलू लागले.

“नवलवनातला तो दिवस यंत्रात दिसला, मावशी.”

तिचे हात थांबले नाहीत. “बरं.”

“पिवळा ड्रेस.”

“लिंबाचा रंग होता तो,” ती म्हणाली. “पिवळा नाही.”

मग तिने सारे सांगितले, आवाज न चढवता, एखाद्या नातेवाइकाच्या आजारपणाची हकिगत सांगावी तसे. लाट मोठी होती. मी घसरले. तिला दोन हात होते आणि दोन पोरे. तिने विचार केला नाही. विचार करायला वेळच नव्हता. मी म्हटले, हात सुटला त्याबद्दल मी विचारतच नाही. तो माझ्यासाठी सुटला, त्याचा हिशेब मी तुझ्याकडे कोणत्या तोंडाने मागू? मी विचारते आहे ते नऊ महिन्यांनंतरचे. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहून, शपथेवर, मुले त्या बाईच्या ताब्यात दिली होती असे तू सांगितलेस.

तिने सोललेला दाणा वाटीत टाकला आणि साल वर्तमानपत्रावर.

“ते मी नाही ठरवलं, ऋता. नलूताईनं ठरवलं.”

नलूताई म्हणजे माझी आई. उद्यानाच्या कचेरीत फौजदार जबाब घेत होता. मी ते वाक्य बोलले. फौजदाराने लेखणी थांबवून विचारले, कुठली मावशी? मावशीने सांगायला तोंड उघडले. आईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला आणि फौजदाराला सांगितले, इथली, हिरव्या साडीतली, तीन नंबर. गाडीत बसल्यावर आई फक्त एकदाच बोलली: पोर गेले, आता बहीण घालवायची नाही मला. पुढची आठ वर्षे दोघींमध्ये त्याचा उच्चारही झाला नाही. मावशीचे लग्न जूनमध्ये ठरले होते. ते तिने स्वतःहून मोडले.

मी ऐकत होते. माझी आई. शाळेच्या वहीत मी वेलांटी चुकले तर ती पान फाडून पुन्हा लिहायला लावत असे. चुकीचे लिहिलेले माणसाला फसवते, म्हणायची. तिने काठावरून सगळे पाहिले होते. मुलाचे प्रेत शेजारच्या खोलीत असताना तिने बहिणीकडे पाहिले, आणि मग बाहेर, चिंब साडीत कुडकुडत, कोणीतरी आत बोलावील याची वाट पाहत उभ्या असलेल्या त्या तिसऱ्या बाईकडे पाहिले, आणि यांतली कोण खर्ची पडू शकते हे तिने एका वाक्यात ठरवले. बिल्ल्याचा क्रमांकसुद्धा तिच्या लक्षात होता. ती बाई आपल्या मुलाला वाचवायला धावली होती, हेही लक्षात असणारच.

“अधिनियमात वयाची सूट नाही,” मी म्हटले. “तुझ्यावर खटला होईल.”

“माहीत आहे. टीव्हीवर तूच बोलली होतीस.” ती किंचित हसली. “छान दिसत होतीस. साडी माझी होती.”

मी पुढचा वाल सोलायला घेतला.

“सांग तू. माझं काय राहिलंय आता,” ती म्हणाली. “फक्त नलूताईचं नाव घेऊ नकोस. ती उत्तर द्यायला नाही.”

“सोमी हिलमही नाही.”

प्रथमच तिचे हात थांबले. “तुझं बरं आहे. पोथ्यांतली माणसं. सगळी मेलेली, कुणाचं काही वाटून घ्यायला नको.”

ते वाल आम्ही दोघींनी पूर्ण सोलले. तिने जेवायला थांब म्हटले नाही. तीस वर्षांत हे पहिल्यांदा घडले.

फेरचौकशी जिल्ह्याच्या ठिकाणी होती. अधिकारी एक निवृत्त न्यायाधीश होते, सौम्य, कानाला यंत्र लावलेले. सुगंधा वाघ मागच्या बाकावर, मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसल्या होत्या. माझ्याकडे पाहण्याचे त्यांनी टाळले. त्यांच्या लेखी मी अजून त्या जबाबातली मुलगी होते.

मी चार नावे सांगितली. बालिका-६, मी. बालक-९, माझा भाऊ निषाद. स्त्री-१४, माझ्या आईची सख्खी बहीण शैलजा गुप्ते. चौथ्या नावापाशी मी थांबले. त्याची गरज नव्हती. तीन नावांवर सोमी हिलम निर्दोष ठरत होती. कठड्यावरची बाई कोण, हे मला कोणी विचारलेही नव्हते. आईच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की ती त्या क्षणी आई होती. सोमी हिलमच्या बाजूने म्हणता येईल की तिलाही चौदा वर्षांची मुलगी होती, आणि ती अठरा महिने कोणाकडे राहिली याची नोंद कुठेही नाही. मी म्हटले, स्त्री-२२ माझी आई, नलिनी टिपणीस. तिने सगळे पाहिले होते आणि माझ्या जबाबातील दुसरे वाक्य तिचे आहे, माझे नाही.

अधिकाऱ्यांनी विचारले, हे आपण कशावरून म्हणता? मी पाऊण तास साक्ष दिली. ‘सदर’ या एका शब्दावर इतके बोलणारा साक्षीदार त्यांना आजवर भेटला नसावा. शेवटी त्यांनी विचारले की मग सहा वर्षांच्या मुलीला हात सुटल्याचे कळले तरी कसे. ती तर दुसऱ्या बाजूला होती आणि एका डोळ्यावर पट्टी होती. मी सांगितले की मला दिसले नव्हते. माझ्या दोन्ही दंडांवर मावशीचे हात आले. दोन्ही हात माझ्याकडे आहेत म्हणजे त्याच्याकडे एकही नाही, एवढा हिशोब मला येत होता.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. दोषसिद्धी रद्द. शैलजा गुप्ते यांच्यावर कारवाईचे आदेश. साक्षीच्या दिवसापासून मावशी माझा फोन उचलत नाही. तिच्यासाठी मी वकील दिला. तिने तो परत पाठवला.

त्यानंतरच्या गुरुवारी सुगंधा वाघ अभिलेखागारात आल्या. आभार मानायला आल्या असतील या कल्पनेने मी आधीच संकोचले होते. पण त्या आभार मानायला आलेल्या नव्हत्या. त्यांना एक फोटो हवा होता.

“आयचा एक पण फोटो नाय आमच्याकडं, मॅडम,” त्या म्हणाल्या. “मशीनमदी हाय म्हनतात.”

फरीदाने आणि मी शोधायला घेतले. त्या रविवारच्या दोन हजार तीनशे सतरा चौकटींपैकी तीनशे चाळीस चौकटींत सोमी हिलम होती: एक कोपर, पाठ, पदराचे टोक, कोणाच्या तरी खांद्यामागे अर्धे डोके. छायाचित्रकार तिला टाळूनच चौकट धरीत. चेहरा कुठेच नव्हता. तो फक्त एका ठिकाणी उलगडला. निषादला बाहेर काढले तेव्हा लाटांचे यंत्र बंद केले गेले होते आणि चार सेकंद पाणी आरशासारखे स्थिर झाले होते. भिंतीचा आणि पाण्याचा मिळून दुप्पट उजेड तिच्यावर पडला होता. चाळिशीतली बाई, रुंद कपाळ, उघडे तोंड, गालाला चिकटलेले केस. दोन्ही हातांवर आडवा निषाद, त्याचे डोके तिच्या कोपराच्या खोबणीत.

असे चित्र घरात कोणी लावील, असे मला वाटले नाही. मी फरीदाला हळूच विचारले, मुलाला वगळून केवळ बाईचा चेहरा देता येईल का. ती म्हणाली, येईल. मी तसे सुगंधाताईंना सांगितले.

त्या पडद्याजवळ गेल्या. ओढणीच्या टोकाने त्यांनी पडद्यावरची धूळ पुसली.

“ऱ्हाऊ दे त्याला,” त्या म्हणाल्या. “आयनं धरलंय त्याला.”

फरीदा छपाईची आज्ञा देऊ लागली तेव्हा सुगंधाताईंनी तिला थांबवले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिले.

“दोन काढा. पोर यांचं व्हतं.”